नोझलची हद्द

ते इंजिन माझ्यामुळे जळालं आणि त्याचा ठपका मी ड्रायव्हरवर बसू दिला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझी कारणं येतील, कारण तेव्हा ती मला फार मोठी वाटली होती. आज ती वाचताना तुम्हाला जेवढी लहान वाटतील तेवढीच मलाही वाटतात.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. मी तिशीच्या आत होतो. घर जळगावला पिंप्राळ्यात आणि काम धुळ्यात, आग्रा रोडवरच्या डिझेल पंप आणि नोझलच्या दुकानात. आठवडाभर दुकानामागच्या खोलीत राहायचो आणि सुटीच्या आदल्या संध्याकाळी एसटीने घरी जायचो. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे होते. मालेगावकडचे, पण हयात धुळ्यात गेलेली. सगळा रस्ता त्यांना उस्ताद म्हणायचा, तसं मीही म्हणायचो.

कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. डिझेल इंजिनात पंप डिझेल मोजतो आणि दाबाने पुढे ढकलतो. नोझल ते केसाएवढ्या भोकांतून सिलिंडरमध्ये फवारतं. पंप आमच्याकडे आला की आम्ही तो बेंचवर बांधायचो, मोटरवर फिरवायचो आणि सहा काचेच्या नळ्यांत डिझेल पडू द्यायचो. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की नळ्यांवरच्या रेघा वाचायच्या. सहाही नळ्या सारख्या आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर आल्या की जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा स्क्रू पक्का करायचा, त्यातून तार ओवायची आणि शिशाचं सील दाबायचं. सीलवर दुकानाची खूण उमटायची. ते सील शाबूत असेल तोवर पंपाची जबाबदारी दुकानाची.

उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला ते घाबरत होते. बोटांनी ते पंपाचा कुठलाही भाग ओळखायचे, फवाऱ्याच्या आवाजावरून नोझल चांगलं की वाईट ते सांगायचे, पण नळ्यांवरच्या रेघा त्यांना दिसत नसत. म्हणून रेघा मी वाचायचो. मोटर थांबली की ते स्टुलावर बसल्या बसल्या म्हणायचे, "बोल." मी सहा आकडे बोलायचो. मी बोललेला आकडा हाच त्या दुकानाचा आकडा होता. त्यांनी एकदाही दुसऱ्या कुणाला बोलावून नळी पाहायला सांगितलं नाही.

त्या सुमाराला रस्त्यावर टर्बोच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, इतकंच आम्हाला माहीत होतं. चोपड्याच्या एका केळी व्यापाऱ्यांनी तशी गाडी घेतली. त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांच्या गाड्या केळी भरून शिरपूरवरून बिजासनी घाट चढून दिल्लीकडे जायच्या. केळीला वाटेत थांबणं परवडत नाही. एक दिवस उशीर झाला तरी घड पिवळे पडायला लागतात.

आबा गाडी घेऊन दुकानात आले तेव्हा गाडीला जेमतेम दोन महिने झाले होते. बरोबर ड्रायव्हर होता, शिंदखेड्याकडचा, पन्नाशीला आलेला. आबांकडे चौदा-पंधरा वर्षं गाडी चालवत होता. त्याच्या हाताखाली एकही इंजिन खोलावं लागलं नव्हतं, हे आबाच कौतुकाने सांगायचे. त्याला सगळे नाना म्हणत.

आबा उस्तादांना म्हणाले, "उस्ताद, एवढ्या घोड्यांची गाडी म्हणून विकत घेतली. घाटात जुन्या गाड्या हिला मागे टाकून जातात. घोडे म्हणून गाढवं बांधून दिलीत की काय कंपनीने?"

उस्ताद हसले. "जुन्या गाड्यांचे पंप लोकांनी वाढवून ठेवलेत आबा. त्या पळतात आणि मग आमच्याकडे येतात. आमचं पोट त्यांच्यावरच आहे."

"मग हिचाही वाढवा थोडा."

"हिचा नाही वाढणार." उस्तादांनी कपाटातून एक नोझल काढून हाताने दाबायच्या टेस्टरवर बसवलं आणि दांडा ओढला. पांढरं धुकं सुटलं. "हे कंपनीचं नोझल. ह्याला जेवढी भोकं, जेवढी बारीक, तेवढंच डिझेल ते वेळेत सोडणार. त्याची एक हद्द आहे. पंपाने जास्त ढकललं तर डिझेल जाईल, पण उशिरा जाईल. पिस्टन खाली निघालेला आणि हे अजून त्याच्या डोक्यावर जळतंय. ताकद वाढल्यासारखी वाटेल. चार-सहा खेपा वाटेल."

"आणि मग?"

"मग पिस्टन वितळेल."

नाना मागून अहिराणीत म्हणाला, "आबा, गाडी बरी शे. कसाले छेडानं? चढस हळूहळू."

आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते परत गेले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. माझंही झालं नव्हतं. मला वाटत होतं की उस्ताद जुन्या गाड्यांच्या हिशेबाने बोलतायत. टर्बो हवा जास्त देते, मग त्या हवेला पुरेल इतकं डिझेल का देऊ नये? माझा विचार अर्धा बरोबर होता. हवेचं मला कळलं होतं. नोझलचं मी ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं. नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढलेल्या माणसाला आपल्यालाही स्वतःचं काही कळतं असं सिद्ध करायचं असतं. मला होतं.

पंधरा दिवसांनी उस्ताद मुलीकडे मालेगावला गेले. त्याच आठवड्यात आबा पुन्हा आले, नानाला आणि रिकामी गाडी घेऊन. उस्ताद नाहीत म्हटल्यावर ते निघाले नाहीत. म्हणाले, "तू तर आहेस. नळ्या तर तूच वाचतोस ना? उस्तादांना आता दिसतं कुठे?"

हे वाक्य मला आवडलं. हेही कबूल करायलाच हवं.

मी पंप उतरवून बेंचवर घेतला, सील तोडलं, स्क्रू फिरवला. कंपनीच्या बासष्टच्या रेघेवर येणारं डिझेल चौऱ्याहत्तरवर नेलं. सहाही नळ्या एकसारख्या आणल्या, त्याचा मला अभिमान वाटला. नोझलना हात लावला नाही, ती होती तशीच, कंपनीची. मग तार ओवली आणि दुकानाचं सील दाबलं.

गाडी पाहायला मी नानाबरोबर सोनगीरच्या चढापर्यंत गेलो. गाडीत वाळूच्या गोण्या टाकल्या होत्या. गाडी अशी खेचत होती की मी स्वतःशीच हसलो. नाना आरशात पाहत होता.

"धूर काया येस भाऊ."

"टर्बोला येतो थोडा."

"आधी नव्हता येत. आवाजबी येगळा शे."

"नाना, तुम्हाला सवय नाही ताकदीची. होईल."

गाडी चालवणारा तो होता, कान त्याचे होते, आणि मी त्याला सवयीबद्दल सांगत होतो.

आबा खूश झाले. उस्ताद परत आल्यावर मी त्यांना सांगितलं की आबांचा पंप आला होता, गळती होती, ऑईल सील बदलून दिलं. पहिलं खोटं हे. त्याला फारसा वेळ लागला नाही.

पाचव्या का सहाव्या खेपेला, केळी भरलेली गाडी बिजासनी घाटात बंद पडली. दुपारची वेळ, उन्हाळा संपत आलेला. नानाने मागाहून सांगितलं ते असं: अर्धा घाट चढल्यावर ताकद गेली, इंजिनाखालच्या हवेच्या नळीतून निळा धूर सुटला, खडखड झाली. त्याने लगेच इंजिन बंद केलं. केळी दुसऱ्या गाडीत भरायला दुसरा दिवस उजाडला आणि तोवर अर्धी खराब झाली. गाडी ओढून धुळ्याला आणली. इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा तीन पिस्टनची डोकी वितळलेली होती, एकाला भोक पडलेलं. मेकॅनिक म्हणाला, "गाडी गरम करून मारली आहे." आमच्याकडे असं बोलायची पद्धत आहे. रेडिएटरमधलं पाणी संपलेलं असताना चालवत राहिलं की तसं म्हणतात, आणि त्यात ड्रायव्हरचंच नाव येतं.

आबा पंप आणि सहा नोझल घेऊन आमच्याकडे आले. नाना बरोबर होता, दारापाशी उभा.

आबा म्हणाले, "उस्ताद, पंप तपासा. पंपाचा दोष असेल तर तुमचा. नसेल तर ह्याचा."

"पानी बठ्ठं भरेल व्हतं आबा. पायथाले मी सोता दखं," नाना म्हणाला. पायथ्याशी रेडिएटर पूर्ण भरलेला त्याने स्वतः पाहिला होता.

"तू गप बस. बेंच सांगेल."

उस्तादांनी सीलवरून बोट फिरवलं. "सील आपलंच आहे. शाबूत आहे." मग मला म्हणाले, "बांध."

मी पंप बांधला. हात सवयीने काम करत होते. मोटर सुरू झाली. फेऱ्या पूर्ण झाल्या, मोटर थांबली. सहाही नळ्यांत डिझेल चौऱ्याहत्तरच्या रेघेवर उभं होतं, जसं मी ठेवलं होतं तसं. नाना दारातून दोन पावलं आत आला होता आणि नळ्यांकडे पाहत होता. आबा खुर्चीवर होते, त्यांच्याकडून रेघा दिसत नव्हत्या.

उस्ताद म्हणाले, "बोल."

मी म्हणालो, "बासष्ट. बासष्ट. एकसष्ट. बासष्ट. बासष्ट. बासष्ट."

एकसष्ट मी मुद्दाम घातलं. खरं वाटावं म्हणून.

उस्तादांनी मान हलवली. पंप वाढवून घेतल्याचं आबांनी उस्तादांपुढे काढलं नाही; बासष्ट ऐकून त्यांना वाटलं असावं की मी फार काही वाढवलंच नव्हतं. आबा उठले. नानाला म्हणाले, "ऐकलंस?" नाना अजून नळ्यांकडेच बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डिझेल परत टाकीत सोडायला वाकलो. त्या संध्याकाळी पंप देण्याआधी मी तो खरोखर बासष्टवर आणला आणि नवं सील दाबलं. नोझल आबांनी नेली नाहीत, नव्या इंजिनाला नवीच घेतली. ती सहा आमच्या खणात पडून राहिली.

आबांनी नानाला काढून टाकलं. चोपड्याला केळी भरण्याच्या जागेवर बातमी पसरायला वेळ लागत नाही. पाणी न बघता घाट चढवणारा, आणि वर खोटं बोलणारा. कुणी असंही म्हणालं की प्यायला असेल. तो दारूला शिवत नसे. त्या रस्त्यावर त्याला कुणी पुन्हा गाडी दिली नाही. पंधरा वर्षं दिल्लीला जाणारा माणूस शिंदखेड्याला पाण्याचा टँकर चालवू लागला, गावातल्या गावात. हे मला ग्राहकांकडून कळत गेलं. मी ते ऐकायचो आणि बेंचवरचं काम पुढे चालू ठेवायचो.

मला झोप लागत नसे असं मी लिहू शकतो, पण ते खरं नाही. झोप लागायची. माझं लग्न झालं, मुलगी झाली. फक्त "बोल" म्हटलं की पहिला आकडा तोंडातून निघायला मला क्षणभर जास्त वेळ लागायचा. उस्तादांच्या ते लक्षात आलं असावं.

चार वर्षांनी उस्तादांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. जाड चष्मा लावून ते दुकानात आले आणि दोन दिवस नुसत्या वस्तू पाहत बसले. भिंतीचा रंग असला कसला लावलाय म्हणून मला बोलले. नळ्यांवरच्या रेघा वाचून लहान पोरासारखे हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खण साफ करायला काढले. दुपारी मी जेवून आलो तर माझ्या टेबलावर एका फडक्यात ती सहा नोझल मांडून ठेवलेली होती.

"कुणाची ही?" त्यांनी विचारलं.

"आबांच्या टर्बोची."

"टोकं बघ."

सहाही टोकं निळी पडली होती. मी ती चार वर्षांपूर्वीच पाहिली होती. त्यांना ती आता पहिल्यांदा दिसत होती.

"पाणी संपून गाडी गरम झाली तर सहाच्या सहा अशी निळी होत नाहीत. हे आतून जळालंय. जास्तीच्या डिझेलने." ते शांतपणे बोलत होते. "मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं."

मी सगळं सांगितलं. मालेगावला ते गेले होते तेव्हापासून. शेवटी मी म्हणालो, "उस्ताद, मला माफ करा."

"माझं काय गेलं? खूण माझी होती, तिचं मी बघेन. ज्याची गाडी सुटली त्याच्याकडे जा." मग म्हणाले, "आणि उद्यापासून नळ्या मी वाचेन."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो नाही. तीन आठवडे घेतले. मग एका सकाळी शिंदखेड्याची एसटी धरली. नाना बाजाराजवळ टँकर धूत होता. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं आणि आनंदाने म्हणाला, "अरे, पंपवाला भाऊ. ये, बठ. चहा पी."

चहा संपेपर्यंत मी धुळ्याच्या हवेबद्दल बोललो. मग सांगितलं. तो ऐकताना हातातलं ओलं फडकं पिळत राहिला, त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"नळ्या मी बी दख्या व्हत्या," तो म्हणाला. "रेघ वर दिसे. तू बासष्ट म्हणना. मी म्हटलं, शिकेल माणूस शे, ह्यानं काही गणित असेल. आपलेच समजत नही."

मला वाटलं होतं की तो शिव्या देईल. त्याची मी तयारी केली होती. ह्याची केली नव्हती.

"चार वरीस मी घाट चढी राहिनू," तो म्हणाला. "रोज. पानी दखं का नही दखं. कधी वाटे दखं, कधी वाटे नहीच दखं. मन्हा मनलेच भरोसा नही राहिना."

"नाना, माझं चुकलं. मी तुमच्या—"

त्याने हात वर करून मला थांबवलं. "माले सांगू नको. माले आते समजनं. तठे चाल. बठ्ठासले सांग."

"सगळ्यांना सांगू? कुठे?"

"चोपडाले. जठे माले खोटा म्हनतस, तठे."

मी म्हणालो, येतो. कधी, असं त्याने विचारलं. पुढच्या आठवड्यात म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, आज. त्याने टँकरची किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे दिली, घरात जाऊन धुतलेला सदरा घालून आला आणि आम्ही एसटीने निघालो. वाटेत तो खिडकीबाहेर पाहत होता. अमळनेरला गाडी बदलली तेव्हा त्याने दोघांसाठी केळी घेतली आणि एक मला दिलं. "हाई पिकेल शे, खा," एवढंच म्हणाला.

चोपड्याला आम्ही चार वाजता पोचलो. केळी भरण्याच्या जागेवर दोन गाड्या लागलेल्या होत्या, माणसं पानं अंथरून घड रचत होती. आबा काट्याजवळच्या शेडमध्ये बसले होते. तीन-चार ड्रायव्हर होते, त्यातले दोन नानाला ओळखणारे. एकजण म्हणाला, "काय नाना, पाणी घेऊन आलात का टँकरमध्ये?" आणि हसला. नाना हसला नाही.

आबांनी नानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू धुळ्याचा ना? उस्तादांचा?"

"हो."

"काय काम काढलंत?"

मी खाली मान घालून सुरुवात केली. पहिलं वाक्य मलाच नीट ऐकू आलं नाही. नाना माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "मोठ्यानं सांग भाऊ."

घड रचणारी माणसं थांबली होती. मी मान वर केली.

"आबा, तुमच्या टर्बोचा पंप मी वाढवला होता. उस्ताद नको म्हणाले होते, ते मालेगावला गेल्यावर मी वाढवला. नोझल झेपेल त्यापेक्षा जास्त डिझेल मी दिलं, म्हणून पिस्टन वितळले."

"वाढव असं मीच म्हणालो होतो," आबा हळू आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "पण मग बेंचवर बासष्ट कसं आलं?"

"आलं नव्हतं. चौऱ्याहत्तर आलं होतं. मी खोटं वाचलं."

मघाशी हसलेला ड्रायव्हर जमिनीकडे पाहत होता. आबा उठून उभे राहिले, पण पुढे आले नाहीत. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि नानाकडे वळलो. त्याच्यापेक्षा मी वीसेक वर्षांनी लहान होतो. मी वाकून त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले नाहीत, मला उठवलंही नाही. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"नाना, तुम्ही गाडीत पाणी भरलं होतं. धूर काळा येतो हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं, ते मी हसण्यावारी नेलं. तुमच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तुमची गाडी माझ्यामुळे सुटली आणि तुम्हाला खोटं म्हटलं गेलं ते माझ्यामुळे. चार वर्षं मला हे माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. मला माफ करा."